मेजर सरांचं एक वाक्य

मिरचीच्या दिवसांत नागपूरच्या कळमना बाजारात कोणाच्याही डोळ्यांतून पाणी वाहतं. माझ्या भावाची तिथे आडत आहे. त्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती, म्हणून वर्षाची मिरची घ्यायला मी सकाळीच गेले होते. लिलाव रंगात आला होता आणि फोनवर मेजर सरांच्या पत्नीचा, शीलाकाकूंचा आवाज नीट येत नव्हता. पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन मी पुन्हा विचारलं, "काय म्हणालात काकू?" त्या सावकाश म्हणाल्या, "सर गेले, वैशाली. चहा घेतला, पेपर वाचला, जरा पडतो म्हणाले... आणि गेले." मी तिथल्याच एका पोत्यावर बसले. समोरून हमाल जात होते, व्यापारी जात होते. माझे डोळे वाहत होते आणि कोणी काही विचारलं नाही, कारण सगळ्यांचेच वाहत होते. भावाच्या लक्षात आलं तेव्हा त्याने लिलाव सोडून गाडी काढली आणि मला जरीपटक्याला सरांच्या घरी नेऊन सोडलं.

मेजर प्रल्हाद सोमकुवर यांना नागपुरात तीन वेगवेगळ्या तऱ्हेची माणसं ओळखत. माजी सैनिकांसाठी ते लष्कराच्या गुप्तवार्ता विभागातून निवृत्त झालेले अधिकारी होते. वाचकांसाठी ते 'भोंग्यानंतर' या पुस्तकाचे लेखक होते, गिरणी कामगारांच्या वस्तीचा इतिहास लिहिणारे. आणि आमच्यासाठी, म्हणजे त्यांच्याकडे इतिहास शिकलेल्या कितीतरी पोरापोरींसाठी, ते मेजर सर होते. लष्कर सोडल्यावर चाळिशीत त्यांनी एम.ए. केलं, भोसल्यांच्या राज्यातल्या हरकाऱ्यांवर, म्हणजे बातमी आणणाऱ्या आणि पोचवणाऱ्या माणसांवर, प्रबंध लिहिला आणि आमच्या कॉलेजात शिकवायला आले. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पुढे त्यांची संशोधक विद्यार्थिनी झाले आणि नंतर त्याच विभागात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून शिकवू लागले. आजही मी तिथेच आहे. शेजारच्या टेबलावर आता एक तरुण प्राध्यापक बसतो. चांगला आहे, पण फार बोलतो.

पहिला तास मला चांगला आठवतो. कडक इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, आणि वर्गात शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न: "बाहेर फाटकापाशी काय झालं?" त्या सकाळी फाटकासमोर एक ऑटो उलटला होता. आम्ही सगळेच सांगायला लागलो. ऑटोवाला प्यालेला होता, स्कूटरवालीने कट मारला, पोलीस उशिरा आले, एका म्हातारीचा पाय मोडला. सरांनी फळ्यावर तीन रकाने आखले. पाहिलं, ऐकलं, वाटलं. मग आमचं एकेक वाक्य घेऊन विचारत गेले, हे कोणी पाहिलं? ऑटोवाला प्यालेला होता हे कोणीच पाहिलं नव्हतं. म्हातारीचा पाय कँटीनमध्ये ऐकलेला होता. पहिल्या रकान्यात शेवटी एवढंच उरलं की ऑटो उलटला होता आणि रस्त्यावर काच पडली होती. "इतिहासातली निम्मी भांडणं या तिसऱ्या रकान्याची असतात," सर म्हणाले. "तो रकाना वाईट नाही. त्याच्याशिवाय काम चालत नाही. फक्त तिथली गोष्ट पहिल्यात जाऊ द्यायची नाही." हे त्यांना लष्कराने शिकवलं होतं हे उघड होतं, पण त्या नोकरीबद्दल ते बोलत नसत. कोणी तरी एकदा धीर करून विचारलं, "सर, तुम्ही हेर होता का?" तर म्हणाले, "हेर दुसरे असायचे. मी त्यांचं ऐकून घ्यायचो."

ऐकून घ्यायची त्यांची एक रीत होती. ते एक साधा प्रश्न विचारत आणि मग गप्प बसत. समोरच्याला ती शांतता सहन होत नसे आणि तो बोलू लागे. माझे वडील या रीतीत असे अडकले की आमच्या घरी त्यावरून अनेक वर्षं हसणं झालं. मला एम.ए.ला प्रवेश घ्यायचा होता आणि वडिलांनी माझ्यासाठी काटोलचं एक स्थळ पाहून ठेवलं होतं. पोरीच्या डोक्यात हे खूळ त्या मिलिटरीवाल्या मास्तरने घातलं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते तावातावाने सरांच्या घरी गेले. मीही मागोमाग गेले, दाराशी उभी राहिले. सरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आडत तुमच्या वडिलांपासून आहे का?" बस, एवढंच. वडील आधी आडतीबद्दल बोलले, मग आजोबांबद्दल, मग आपलं मॅट्रिकचं वर्ष कसं बाजारात गेलं त्याबद्दल. गणिताचे एक शिक्षक त्यांना परत बोलवायला दुकानावर आले होते आणि आजोबांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बोलता बोलता वडील थांबले. सर तरीही गप्प. शेवटी वडीलच उठले, म्हणाले, "पोरीले शिकू द्या मंग तुम्ही." रस्त्यावर आल्यावर मला म्हणाले, "हा माणूस काही बोलला का वं? मीच बोलून राहिलो होतो सारखा."

'भोंग्यानंतर'चं काम सुरू झालं तेव्हा मी त्यांच्यासोबत टेप रेकॉर्डर घेऊन हिंडत असे. सरांचं लहानपण नागपुरातल्याच इंदोरा भागात, गिरणी कामगारांच्या गल्लीत गेलं होतं. गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि जुनी माणसं एकेक करून जात होती. ती जाण्याआधी त्यांचं बोलणं नोंदवून ठेवायचं, अशी त्या पुस्तकामागची निकड होती. वर्गात शुद्ध मराठी बोलणारे सर त्या गल्ल्यांत शिरले की मले-तुलेवर येत. तरी लोक त्यांना आधी तपासून घेत. "तू सोमकुवरचा लहाना ना? मिलिटरीत होता तो?" असं विचारून, खात्री झाल्यावरच पाट पुढे सरकवत. एका आजींनी तर सुरुवातीलाच विचारलं, "खरं सांगू का चांगलं सांगू?" सर म्हणाले, "खरं सांग आजी. चांगलं मी दुसऱ्याकडून आणतो." आजी इतक्या हसल्या की टेपवर पहिली काही मिनिटं फक्त त्यांचं हसू आहे.

त्या वस्तीत प्रत्येक घराकडे एक गोष्ट होतीच होती, छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या दिवसाची. कोण कोण गेलं, पांढरे कपडे कुठून आणले, गर्दीत कोण हरवलं, परतल्यावर घरातल्या कोणत्या वस्तू बाहेर काढल्या. सरांच्या घरीही ती होती. त्यांचे वडील गिरणीत सूतकताईत कामाला होते आणि ती गोष्ट सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. धुळीचे लोट कसे उठले होते, इतकी माणसं असून केवढी शांतता पसरली होती, हे ते जन्मभर सांगत आले. सर तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षांचे. त्यांना स्वतःला काहीच आठवत नव्हतं. त्यांच्याजवळ वडिलांची गोष्ट होती. आणि एका दुपारी, वडिलांबरोबर गिरणीत काम केलेला एक म्हातारा बोलता बोलता म्हणाला, "तुया बाप? तो नव्हता आमच्यासंगं. तुयी माय होती, थोरला होता. बाप नव्हता आला." सरांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी दोन-तीन साधे प्रश्न विचारले, चहा संपवला, नमस्कार केला. पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या आणखी एका बाईंनी आपणहून तेच सांगितलं. आई-वडील दोघंही कधीच गेलेले... विचारायचं कोणाला?

विचारायला एक माणूस होता. सरांचे थोरले बंधू दामोदरभाऊ, शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. दीक्षेच्या दिवशी ते आईचं बोट धरून गेले होते. मी म्हटलंही, "सर, दामोदरभाऊंना विचारू या ना." सर म्हणाले, "दादा बाबांचा भक्त आहे. तो बाबांच्या बाजूनेच बोलणार. साक्षीदार म्हणून त्याचा उपयोग नाही." मग त्यांनी प्रस्तावना लिहिली. तिची पहिली वाचक मी होते. वडील ती गोष्ट आम्हाला जन्मभर सांगत आले, पण ते तिथे नव्हते, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं. आणि पुढे एक वाक्य होतं: 'बहुधा गिरणीतली नोकरी जाईल या भीतीने ते त्या दिवशी घरी थांबले असावेत.' हे छापायलाच हवं का, असं मी विचारलं. "इतरांच्या घरातल्या गोष्टी मी तपासून घेतल्या, वैशाली. माझ्या घराला सूट कशी देऊ?" मला ते फार मोठं वाटलं होतं. आजही त्यातली सचोटी मला नाकारता येत नाही.

पुस्तक आलं, त्याचं कौतुक झालं. प्रकाशनानंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी मी सरांकडे असतानाच दामोदरभाऊ आले. बसले नाहीत. हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बापाले भित्रा म्हणलं तू." सर म्हणाले, "दादा, मी 'बहुधा' लिहिलंय." दामोदरभाऊंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते निघून गेले. काकू चहाचा कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात तशाच उभ्या राहिल्या. त्यानंतर दोघे भाऊ बोलेनासे झाले. पुढे बुद्धपौर्णिमेला सरांच्या घरी खीर व्हायची, आम्ही दोन-चार विद्यार्थी जायचो, आणि दामोदरभाऊंच्या घरचं कोणी यायचं नाही. लग्नकार्यात दोघे वेगवेगळ्या वेळी हजेरी लावून जात. सर याबद्दल कधी कुरकुरले नाहीत. खरं सांगितल्याची एवढी किंमत असायचीच, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं... हे अर्थातच माझ्या तिसऱ्या रकान्यातलं आहे.

अशी पुष्कळ वर्षं गेली. सर निवृत्त झाले. मग एकदा मला अनोळखी नंबरवरून फोन आला. "मॅडम, मी दामोदर सोमकुवर. शीलाकडून तुमचा नंबर घेतला. माहं हृदयाचं ऑपरेशन झालं. पोराकडे बुटीबोरीले राहून राहिलो. प्रल्हादले घेऊन येता का?" सरांनाच थेट फोन का नाही केला, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त "कधी?" एवढंच विचारलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून तयार होते.

दामोदरभाऊंचा मुलगा तिथल्या कापडाच्या कारखान्यात इंजिनिअर होता, घर वसाहतीतच होतं. तो कामावर गेला होता, सुनेने दार उघडलं. दामोदरभाऊ खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. फार वाळले होते. "बस," म्हणाले. सर बसले. मला वाटलं सर आपल्या सवयीने शांत बसतील आणि समोरचा बोलेल. पण त्या दिवशी आधी सरच बोलले. "तब्येत कशी आहे दादा?"

"छाती फाडून पायली डॉक्टरनं. रागाशिवाय काही सापडलं नाही म्हणते."

सर थोडं हसले. दामोदरभाऊ हसले नाहीत. "तू किती लोकांले विचारलं गा त्या पुस्तकासाठी?"

"पुष्कळ."

"साऱ्या इंदोऱ्याले विचारलं. जे जरीपटक्याले राहाले गेले त्यायले विचारलं. मले काहून नाही विचारलं?"

मग दामोदरभाऊ खिडकीबाहेर पाहत बोलू लागले. मधे दम लागला की थांबत, पाण्याचा घोट घेत आणि पुन्हा सुरू करत. "तू लहान होता. त्या आठवड्यात तुले बुखार आला. साधा नाही. दोन दिवस तू डोळे उघडले नाही. बाबाचे पांढरे कपडे शिवून तयार होते, खुंटीले टांगून होते. माय म्हणे, मी थांबतो लेकराजवळ, तुम्ही जा. बाबा म्हणे, नाही, तू जा. तुनं पायलं पाहिजे, थोरल्यानं पायलं पाहिजे. मी आहो इथं. मंग माय अन् मी गेलो. वापस आलो तं बाबा तुले मांडीवर घेऊन तसाच बसून होता, भिंतीले टेकून. कपाळावर ओलं फडकं. मायनं घ्याले हात पुढे केला तं देत नव्हता."

सुनेने चहा आणून ठेवला होता, त्याला कोणी हात लावला नाही.

"तू बरा झाला. तवा बाबानं मले बाहेर नेलं. म्हणे, लहान्याले हे कधी सांगाचं नाही. मोठा झाल्यावर त्याच्या मनात राहील, का आपल्यामुळं बापाचं राहून गेलं. आपण सारेच गेलो होतो, असंच म्हणाचं. दीक्षा त्यानं मागून वस्तीतच घेतली. अन् त्या दिवसाचं मायनं जे पायलं, मी जे पायलं, ते आमच्याकडून ऐकून ऐकून आपलं केलं त्यानं. तुयाच साठी. तू मांडीवर बसून ऐकत होता ना."

"तू मला आधी सांगितलं का नाहीस दादा?" सरांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"बापाले शब्द देला होता. पुस्तक आलं तवा रागात होतो. रागात सांगतलं असतं तं ते तुले मारल्यासारखं झालं असतं. मंग वाटलं, राहू दे. पण ऑपरेशनले नेलं तवा मनात आलं, मी गेलो तं हे आता कोणालेच माहीत राहणार नाही. बाप पुस्तकात भित्राच राहील." ते थांबले. मग म्हणाले, "ज्याच्यापासून लपवाचं होतं, तोच लिहून मोकळा झाला. आता काय लपवाचं."

सर खुर्चीवरून उठले आणि भावाच्या पायांशी जमिनीवर बसले. गुडघे दुखायचे त्यांचे, खाली बसणं त्यांनी सोडलं होतं. दामोदरभाऊंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा. "बाबांनी पाणी पाजलं होतं का मला?" सरांनी विचारलं. "मंग कोणं? कोणाले हात लावू देत होता का तो," दामोदरभाऊ म्हणाले.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होते. ट्रकांच्या रांगेत अडकलो होतो. सर समोर पाहत म्हणाले, "तिसरा रकाना, वैशाली. 'बहुधा' लिहिलं की आपण सुटलो, असं वाटतं." थोड्या वेळाने त्यांनी लष्करातली एक गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ते सीमेवरच्या एका ठाण्यावर होते. वरच्या कुरणांतून एक मेंढपाळ खाली उतरून आला आणि अमुक खिंडीतून माणसं येताहेत म्हणून सांगू लागला. तो सारखा दाराकडे पाहत होता, हात चोळत होता. सरांनी निष्कर्ष काढला की हा खोटं बोलतोय, आणि वर तसं कळवलं. बातमी खरी होती. त्यांचे दोन जवान जखमी झाले, एकाचा पाय गेला. "नंतर कळलं, तो मेंढ्या वर एकट्या सोडून आला होता. त्याला परत जायची घाई होती, एवढंच. मी त्याला विचारलंच नाही, बाबा, तुला कसली घाई आहे." त्यानंतर त्यांचं त्या कामात मन रमलं नाही. कागदपत्रांत माणसं इतकी घाई करत नाहीत, तिथे आपल्या हातून कोणाचं नुकसान होणार नाही, असं वाटून ते इतिहासाकडे आले होते. "आणि इथे येऊन बापाचंच केलं," ते म्हणाले. घरी पोचल्यावर काकूंना त्यांनी सगळं सांगितलं. काकू एवढंच म्हणाल्या, "आता पुढे काय करायचं ते ठरवा."

त्यांनी काय केलं, ते सांगण्यासाठीच खरं तर मी हा लेख लिहायला घेतला. पुस्तकाच्या प्रती शिल्लक असल्यामुळे दुसरी आवृत्ती इतक्यात शक्य नाही, असं प्रकाशकांनी कळवलं. मग सरांनी जरीपटक्यातल्या एका छापखान्यातून शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. त्यावरचा मजकूर असा होता: 'प्रस्तावनेत लेखकाच्या वडिलांविषयी केलेला तर्क चुकीचा आहे. ते त्या दिवशी आपल्या आजारी मुलाजवळ थांबले होते. तो मुलगा म्हणजे लेखक. ज्यांना हे ठाऊक होते, त्यांना लेखकाने विचारले नव्हते.' प्रकाशकांकडे उरलेल्या प्रतींत त्यांनी स्वतः चिठ्ठ्या लावल्या. मग वाचनालयांकडे वळले. नागपुरातली झाली, नंतर उमरेड, भंडारा, वर्धा. एसटीने जायचे, पिशवीत चिठ्ठ्या आणि डिंकाची बाटली. ग्रंथपालांना काही कळायचं नाही. उमरेडच्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "सर, एवढ्यासाठी कशाला आलात? पोस्टाने पाठवली असती तर आम्ही लावली असती." सर म्हणाले, "चूक माझी आहे बाई, डिंकही माझाच असू द्या."

दामोदरभाऊंना प्रवासाची परवानगी मिळाल्यावर तेही सोबत जाऊ लागले. भंडाऱ्याला मी दोघांना घेऊन गेले होते. सर ब्रशने डिंक लावायचे, दामोदरभाऊ पान दाबून धरायचे आणि हेडमास्तरांच्या आवाजात सांगायचे, "वाकडी लागून राहिली. सरळ लाव." वाचनालयाबाहेरच्या टपरीवर दोघांनी तर्रीपोहे खाल्ले. एकाला डॉक्टरांनी तिखट बंद केलं होतं, दुसऱ्याला तेल, आणि मी घरी सांगू नये असं मला दोघांनी वेगवेगळं बजावलं. पुढच्या बुद्धपौर्णिमेला खिरीचं पातेलं काकूंनी मोठं काढलं होतं.

शेवटच्या काही वर्षांत सरांनी नवीन काही लिहिलं नाही. लोकांनी लष्कराच्या आठवणी लिहा म्हणून आग्रह केला, तो त्यांनी हसून टाळला. विद्यार्थी येत, प्रबंधाची प्रकरणं वाचायला देत. एखाद्या वाक्याखाली सरांची पेन्सिल थांबली की पोरं आपणच ते वाक्य बदलत. जाण्याच्या काही दिवस आधी मी भेटले तेव्हा त्यांना थोडा ताप होता, पण गप्पा मारण्याचा उत्साह होता. माझ्या मुलीचं कुठे काय चाललंय ते विचारलं आणि मग गप्प बसले... आणि मी, इतक्या वर्षांची सवय असूनही, पाऊण तास बोलत बसले.

परवा मी जरीपटक्याला गेले होते. सरांची पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयाला द्यायची ठरलं आहे, ती पाहून ठेवावीत असं काकू म्हणाल्या होत्या. पुस्तकांच्या खोलीचं दार लोटलं तर आत दामोदरभाऊ बसलेले. सध्या ते इथेच राहतात. काकूंना सोबत होते आणि त्यांनाही बुटीबोरीत करमत नाही. टेबलावर 'भोंग्यानंतर' उघडं होतं आणि ते भिंग धरून वाचत होते. काकू मला हळूच म्हणाल्या, "प्रस्तावनेच्या पुढे कधी गेलेच नव्हते ते. आता रोज सकाळी बसतात." दामोदरभाऊंनी मला खूण करून जवळ बोलावलं आणि एका परिच्छेदावर बोट ठेवलं.

"हे पहा मॅडम. इथं त्यानं विहीर लिहिली. आमच्या गल्लीत विहीर नव्हती, नळ होता. विहीर मागच्या गल्लीत. लिहून ठेवा, पुढच्या वेळेस सुधरवाले लागते."

मी लिहून घेतलं. पुस्तक कसं वाटतंय, असं विचारलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं, चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "चुका आहेत," ते म्हणाले. "पण बोलते तसाच लिहिते तो. घाई करत नाही. माणसाले बोलू देते." मग चष्मा लावला, भिंग उचललं आणि विहिरीच्या पुढच्या ओळीवर गेले. काकूंनी चहा आणला. टेबलाच्या एका कडेला त्यांचा कप ठेवला, दुसऱ्या कडेला माझा, आणि आम्ही दोघी त्यांनी पान उलटायची वाट पाहत गप्प बसलो.